रोजच्या वस्तूंमध्ये स्वतःची प्रतीके कशी शोधावीत: स्थिरचित्र रंगवणाऱ्यांसाठी

स्थिरचित्र, म्हणजे टेबलावर मांडलेल्या निर्जीव वस्तूंचे चित्र, रंगवणाऱ्या सतराव्या शतकातील डच चित्रकारांना प्रतीके आयती मिळत असत. कवटी म्हणजे मृत्यू आणि वाळूचे घड्याळ म्हणजे सरता काळ, हे चित्र पाहणाऱ्यालाही ठाऊक होते. आज तीच कवटी टेबलावर मांडली, तर ती उसनी दिसते.

सुरुवात यादीपासून करावी. ज्या वस्तू निरुपयोगी होऊनही आपल्याला टाकवत नाहीत, त्या आठवडाभर टिपून ठेवाव्यात. केवळ देखण्या म्हणून आवडणाऱ्या वस्तू मात्र वगळाव्यात.

त्यांतील एकच वस्तू बाजूने येणाऱ्या उजेडात ठेवून अर्धा तास पेन्सिलीने रेखाटावी, आणि तेही फक्त वापराच्या खुणा. समजा, ती शिवणकामाची जुनी कात्री आहे. मुठीवरचा काळा रंग अंगठा टेकतो तेवढ्याच जागी उडालेला असतो, तिथला धातू घासून गुळगुळीत झालेला असतो आणि पाती जोडणाऱ्या स्क्रूभोवती तेलाचा तपकिरी डाग धरलेला असतो. चित्रात माणूस नसला तरी त्या झिजलेल्या जागेत त्याचा हात असतो. म्हणून रंगवताना सर्वांत उजळ छटा त्या जागेसाठी राखावी आणि पात्यांची चमक, मोह झाला तरी, एक पायरी खाली ठेवावी.

यानंतर सोबतीची वस्तू निवडावी. व्हॅन गॉगने ऑक्टोबर 1885 मध्ये, म्हणजे धर्मोपदेशक असलेल्या वडिलांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, त्यांचे भलेमोठे बायबल रंगवले. त्याच्याजवळ विझलेली मेणबत्ती आणि पुढ्यात स्वतःला प्रिय असलेल्या फ्रेंच कादंबरीची हाताळून जीर्ण झालेली पिवळी प्रत ठेवली. बापलेकांमधले अंतर मला त्या दोन पुस्तकांच्या आकारात आणि रंगातच दिसते. सोबतीला एक-दोन वस्तू पुरतात. मी एकदा अर्थपूर्ण वाटणाऱ्या सात वस्तू एकत्र मांडल्या होत्या, आणि चित्र जुन्या बाजारातल्या पथारीसारखे झाले.

तीच वस्तू पुन्हा पुन्हा रंगवावी. इटलीतील बोलोन्या शहरात राहणाऱ्या चित्रकार जॉर्जो मोरांदी (1890–1964) यांनी त्याच त्या बाटल्या आणि भांडी अनेक दशके रंगवली. आपण निदान तीन चित्रे करावीत: एक सकाळच्या उजेडात, एक दिव्याखाली आणि एक वस्तू टेबलाच्या अगदी कडेला सरकवून. तिसऱ्या चित्रातही नवे काही सापडले नाही, तर ती वस्तू सोडून यादीतील पुढची घ्यावी.

शीर्षक ‘कात्री’ एवढेच असावे. ‘आठवण’ किंवा ‘विरह’ असे शीर्षक दिले की पाहणारा वस्तूकडे पाहतच नाही. कात्री कोणाची होती हे नोंदवावेसे वाटलेच, तर ते कॅनव्हासमागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीने लिहावे.