हरभरा कळीवर आलाय, पक्षी थांबे आजच रोवा

दोन दिवसांपासून आभाळ भरून आहे आणि हरभऱ्याला कळी दिसू लागली आहे. ढग आणि कळी एकत्र आली की माझ्या पोटात गोळा येतो. घाटेअळीची मादी पतंग नेमकी याच दिवसांत कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर एकेक अंडं ठेवत फिरते. खसखशीच्या दाण्याएवढं, पिवळसर पांढरं अंडं, उभ्याने दिसतच नाही. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि पानाचा हिरवा भाग खरवडून खाते. आणखी पंधरवड्यात तीच अळी अर्धं अंग घाट्यात (हरभऱ्याच्या शेंगेत) आणि अर्धं बाहेर अशी दाणे खाताना सापडते. एक अळी जन्मभरात 30 ते 40 घाटे फस्त करते.

इतकी वर्षं पाहतोय, हरभरा जातो तो एकाच हयगयीने. पक्षी थांबे रोवायचे राहून जातात. काठ्या बांधावर पडलेल्या असतात आणि माणूस म्हणतो, "फुलोरा येऊ दे, मग बघू." फुलोऱ्यानंतर बघायला उरतं ते भोक पडलेले घाटे.

थांबा म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी काडी बांधलेली काठी, पिकापेक्षा हात-दीड हात उंच. हेक्टरी 50, म्हणजे एकराला 20. तुरीच्या वाळक्या काठ्या चालतात, बाभळीच्या वाकड्या फांद्याही चालतात. विकत आणायचं काही नाही, आणि मला वाटतं म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. त्यावर कोतवाल बसतो, साळुंकी बसते, वेडा राघू उडता पतंगच टिपतो. औषधाने मरते ती बारीक अळी. मोठी झालेली, घाट्यात तोंड घातलेली अळी फवाऱ्याला दाद देत नाही, ती पक्षीच ओढून काढतो. थांबे आणि फवारणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

काहीजण तर याच दिवसांत शेतात चमकत्या फिती बांधतात आणि पोरांना गोफण घेऊन बसवतात. आत्ता दाणाच भरलेला नाही, मग पाखरं येतात कशाला? अळीसाठीच येतात. त्यांना हाकलू नका. फिती सोडा, काठ्या रोवा.

बांधावरून पाहणी करू नका, हे हात जोडून सांगतो. लांबून पीक हिरवंगार दिसतं. सकाळी आंब (हरभऱ्याच्या पानांवरचं आंबट दव) सुकल्यावर ओळीत शिरा, दोन ओळींमध्ये पांढरं फडकं अंथरा आणि एक मीटर ओळीतली झाडं त्यावर हलकेच झटका. अशा आठ-दहा जागा तपासा. मीटरला एक-दोन अळ्या पडल्या की वेळ आली असं समजा. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावलेत तर आणखी आधी कळतं. सापळ्यात रोज 8 ते 10 पतंग सलग तीन दिवस आले की फवारणीची तयारी करा.

फवारणी या क्रमाने करावी:

कळी दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क. 5 किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून गाळायची आणि पाणी घालून 100 लिटर करायचं.

अळ्या बारीक असताना घाटेअळीचा विषाणू (एचएएनपीव्ही), 10 लिटर पाण्यात 10 मिली, त्यात थोडी नीळ. फवारणी ऊन उतरल्यावरच करावी, कडक उन्हात विषाणू निकामी होतो. रोगट अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसल्या की काम झालं.

तरीही अळ्या मीटरला दोनच्या वर राहिल्या, तर इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी 4.4 ग्रॅम किंवा क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 एससी 2.5 मिली, 10 लिटर पाण्यात. दोन्हींपैकी एकच, तेही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते डब्यावर वाचा.

दुकानात गेलात की एका पंपात तीन बाटल्या ओतायला सांगतील: एक अळीचं, एक बुरशीचं, एक टॉनिक. मीही एका वर्षी ऐकलं होतं. अळी आधीच तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत गेली होती, पैसे गेले आणि घाटेही गेले. त्या फवाऱ्यानंतर आठवडाभर एक कोतवाल फिरकला नाही. अळीला टॉनिक लागत नाही आणि निरोगी हरभऱ्यालाही लागत नाही. चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून घेऊन जा आणि तेवढंच मागा.

आता माझे अंदाज. हे कुठल्या शिफारशीत नाहीत, पण मी यावर चालतो. साळुंक्यांचा थवा रोज सकाळी शेताच्या एकाच कोपऱ्यात उतरू लागला, की फडकं घेऊन मी आधी तो कोपरा झटकतो, बहुतेक वेळा अळी तिथूनच सुरू झालेली असते. बांधावर बाभूळ किंवा बोर ठेवलेल्या बाजूला घाटे कमी पोखरले जातात, असंही माझ्या नजरेला आलं आहे. आणि ज्यांनी पेरतानाच हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकली, त्यांच्या शेतात आत्ता ज्वारीची ताटं हेच थांबे झाले आहेत. पुढच्या पेरणीला हे विसरू नका.

बाकीची कामं:
– मर लागलेली झाडं उपटून शेताबाहेर न्या.
– फुलोऱ्याआधी तण काढा.
– पाणी हलकं द्या, साचू देऊ नका. घाटे भरताना एक पाळी.
– कामगंध सापळ्यातली गंधाची गोळी मुदतीत बदला.

सगळं सोडलंत तरी काठ्या सोडू नका. आज संध्याकाळी दोन माणसांच्या हातून एका एकरात तासाभरात रोवून होतात. पहिले दोन दिवस पाखरू बसलं नाही म्हणून उपटू नका, त्यांना काठी ओळखीची व्हायला वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आडव्या काडीखाली विष्ठेचे पांढरे शिंतोडे दिसले की समजा राखण सुरू झाली. जिथे शिंतोडे नाहीत ती काठी दहा पावलं सरकवून पाहा. पुढे दाणे टणक होऊन पोपट यायला लागले की मात्र सगळे थांबे काढून घ्या आणि चमकत्या फिती तेव्हा बांधा.