पॉवर पॉपचे अल्बम सुचवायचे तर १९९१ धरा

बेळगावात टिळकवाडीला मी गिटार शिकवतो. पोरं अनगोळ, वडगाव, शहापूरची. काही खानापूरहून येतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या कोकणी. बोटं जरा वळायला लागली की सगळ्यांचा प्रश्न एकच: "सर, ऐकू काय आता?" त्यावर पन्नास नावांची यादी पाठवली तर कुणी एकही अल्बम शेवटपर्यंत ऐकत नाही. म्हणून मी एकच वर्ष देतो आणि त्यातले तीन अल्बम. तुम्हालाही कुणाला पॉवर पॉपची गोडी लावायची असेल तर असंच करा.

आधी प्रकार थोडक्यात सांगा. 'पॉवर पॉप' हा शब्द १९६७ मध्ये 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट टाउनशेंडनं आपल्याच संगीतासाठी वापरला. चाल बीटल्ससारखी, लगेच ओठांवर बसणारी. गिटार मात्र जोरकस. दोन-तीन आवाज एकमेकांवर रचलेले. गाणं बहुधा तीन-चार मिनिटांत संपणारं. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या बिग स्टार या बँडचा 'नंबर वन रेकॉर्ड' १९७२ मध्ये आला, तेव्हा फार खपला नाही. पण पुढच्या कितीतरी बँडांनी तोच गिरवला. सुरुवातीला एवढा इतिहास पुरे.

वर्ष असं निवडा की त्यातल्या अल्बमांची आपसात ओळख असेल. १९९१ मला त्यासाठीच आवडतं. ऑक्टोबरमध्ये अमेरिकन गायक मॅथ्यू स्वीटचा 'गर्लफ्रेंड' आला, नोव्हेंबरमध्ये स्कॉटलंडच्या टीनेज फॅनक्लब या बँडचा 'बँडवॅगनेस्क'. त्याच वर्षी व्हेल्वेट क्रश या अमेरिकन बँडचा 'इन द प्रेझेन्स ऑफ ग्रेटनेस' निघाला. हा तिसरा अल्बम स्वीटच्याच घरी, आठ ट्रॅकच्या टेप मशीनवर ध्वनिमुद्रित झाला आणि निर्माताही तोच. व्हेल्वेट क्रशचा ड्रमर रिक मेंक 'गर्लफ्रेंड'मध्येही वाजवतो. ब्रिटनमध्ये व्हेल्वेट क्रश आणि फॅनक्लब क्रिएशन या एकाच रेकॉर्ड कंपनीकडे होते. म्हणजे ऐकणारा कुठूनही शिरला तरी बाकीच्या दोघांकडे जायची वाट त्याला सापडते.

वर्षाच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. जेलीफिशचा 'बेलीबटन' आणि पोझीजचा 'डिअर २३' माझ्या जिवाभावाचे आहेत, पण दोन्ही १९९०चे. ते सोडा.

आता खरं काम: समोरचा काय ऐकत मोठा झालाय ते विचारा. मेटल ऐकणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोराला मी 'बँडवॅगनेस्क' देतो. निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' त्याला माहीत असतोच. तोही सप्टेंबर १९९१चाच. त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम म्हणून अमेरिकेच्या 'स्पिन' मासिकानं 'बँडवॅगनेस्क' निवडला होता, एवढं सांगितलं की त्याचे कान टवकारतात. मग पहिलंच गाणं लावायला सांगा, 'द कन्सेप्ट'. सहा मिनिटांचं आहे. तीन मिनिटं झाली की गाणं मंदावतं, शब्द थांबतात आणि नुसते 'आ'कार एकमेकांत मिसळत जातात. वर गिटार गात राहते. हे आधी सांगितलं नाही तर तो गाणं संपलं समजून पुढे जातो. 'स्टार साइन'चंही तसंच. पहिला मिनिटभर काही घडत नाहीसं वाटतं आणि मग गाणं एकदम धावत सुटतं.

भजनात वाढलेल्यांची गोष्ट वेगळी. खानापूरकडच्या पोरांचे कान फार तयार असतात, पण त्यांना एकच चाल धरायची सवय. बुवांनी ओळ घेतली की मागचे सगळे तीच ओळ, त्याच सुरांत म्हणतात. इथे दुसरा आवाज त्याच क्षणी वेगळे सूर घेतो, आणि कुणी दाखवून दिल्याशिवाय तो बऱ्याच जणांना ऐकूच येत नाही. त्यांना 'गर्लफ्रेंड'मधलं 'आय हॅव बीन वेटिंग' द्या. पहिल्यांदा मुख्य चाल ऐकायची. दुसऱ्यांदा ती सोडून फक्त मागचा आवाज गुणगुणायचा. मुख्य आवाज स्वीटचा आणि मागे रचलेलाही त्याचाच, त्यामुळे तो शोधून काढायला खूप मजा येते. ज्या दिवशी पोराला तो मागचा आवाज सापडतो, त्या दिवशी माझा क्लास लांबतो.

घरी जुन्या हिंदी गाण्यांच्या हवाईयन गिटारच्या कॅसेट वाजायच्या, असं कुणी सांगितलं तर त्याच अल्बममधलं 'विनोना' सुचवा. त्यात ग्रेग लीझची पेडल स्टील आहे, म्हणजे हवाईयन गिटारचीच पायपट्ट्या असलेली बहीण. तीच सरकती मींड, तीच हुरहुर. कडक गिटारच हवी असेल तर शीर्षकगीत. तिथे रॉबर्ट क्वाइन असा खरवडून वाजवतो की शिकणाऱ्यानं हात थांबवून ऐकावं.

व्हेल्वेट क्रश शेवटी द्या, तोही स्वतः बँड काढू पाहणाऱ्याला. घरी केलेलं ध्वनिमुद्रण किती जिवंत असू शकतं ते त्यातून कळतं. गाणाऱ्या मुलींना मी क्राउडेड हाउसचा 'वुडफेस' जास्तीचा देतो. तोही १९९१चा. गिटारचा जोर कमी, म्हणून त्याला पॉवर पॉप म्हणावं की नाही यावर वाद होईल, पण नील आणि टिम या फिन भावांचे आवाज जसे जुळतात, ते ऐकायलाच हवेत.

मेसेज कसा लिहायचा? 'अप्रतिम', 'ऐकाच' असलं काही नको. असं लिहा: "द कन्सेप्ट लाव. तीन मिनिटांनी मंदावेल, बंद करू नकोस. आवडलं तर रात्री पूर्ण अल्बम ऐक." एका वेळी एकच गाणं. दुसरं नाव त्याचं उत्तर आल्यावर.

मोबाइलच्या स्पीकरवर मागचे आवाज दबतात, तेव्हा साधे का होईनात, इअरफोन लावायला सांगा. आणि गोव्याला निघालेल्याला जांबोटीच्या आधीच डाउनलोड करून घे म्हणावं. चोर्ला घाटात रेंज जाते. 'गर्लफ्रेंड' पंधरा गाण्यांचा, तासाभराचा आहे. घाटाला तो बरोबर बसतो.

'बँडवॅगनेस्क' आवडलेल्याला पुढे पोझीजचा १९९३चा 'फ्रॉस्टिंग ऑन द बीटर' द्या. दोन्हींच्या निर्मितीत डॉन फ्लेमिंग आहे. नंतर मागे, बिग स्टारकडे. आणि यातलं काहीच रुचलं नाही तर हट्ट न करता वर्ष बदला: १९७९ घ्या, नॅकच्या 'गेट द नॅक'पासून.