जुन्या मॉडेल रेल्वे मासिकातला लेख कसा शोधावा

छोट्या रेल्वेचा छंद असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी जुना लेख हवा असतो. कुणाला इंजिनाचा आराखडा हवा असतो, कुणाला लाकडी पुलाची बांधणी, कुणाला शंटिंग यार्डाचा नकाशा. माहिती मात्र एवढीच असते: 'मॉडेल रेलरोडरमध्ये आलं होतं, सत्तरच्या आसपास.' एवढ्यावर इंटरनेटवर शोधायला बसलं तर हाती फारसं काही लागत नाही. या मासिकांतला बराचसा मजकूर सर्च इंजिनांना दिसतच नाही, कारण तो वर्गणीदारांसाठीच्या डिजिटल संग्रहात, जुन्या डीव्हीडीवर किंवा कुणाच्या तरी माळ्यावरच्या खोक्यात असतो. म्हणून आधी लेखाच्या मागे न लागता अंकाच्या मागे लागा. महिना आणि वर्ष पक्कं झालं की पुढचं काम सोपं आहे.

१. काय आठवतं ते कागदावर उतरवा

लेखाचं नाव बहुतेक वेळा चुकीचं आठवतं. फोटो, मुखपृष्ठ आणि समोरच्या पानावरची जाहिरात यांची आठवण त्या मानाने भरवशाची असते. चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा: विषय, स्केल (मॉडेल खऱ्याच्या किती पट लहान ते), चित्रं रंगीत होती की कृष्णधवल, आणि लेखकाचं नाव (अर्धवट आठवत असलं तरी). ज्याने लेखाचा उल्लेख केला त्याला 'कुठल्या वर्षी?' असं विचारू नका. 'त्या वेळी तुमच्याकडे कुठलं इंजिन होतं?' असं विचारा. माणसाला वर्षापेक्षा इंजिन नक्की आठवतं.

२. हाती सुटं पान असेल तर त्याचं वय काढा

कापून ठेवलेलं एखादं पान किंवा धूसर झेरॉक्स मिळते, पण तिच्यावर तारीख नसते. अशा वेळी लेख बाजूला ठेवा आणि त्याच पानावरच्या किंवा मागच्या जाहिराती वाचा.

अमेरिकन पत्त्यात 'मिलवॉकी ३, विस्कॉन्सिन' असा शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी क्रमांक असेल तर पान बहुधा 1943 ते 1963 या काळातलं आहे. ते तेव्हाचे टपाल विभाग. पाच आकडी झिप कोड असेल तर पान 1963 नंतरचं. राज्यांची दोन अक्षरी संक्षिप्त नावंही तेव्हापासूनच आली. ब्रिटिश मासिकात किंमत शिलिंग-पेन्समध्ये असेल तर पान 15 फेब्रुवारी 1971 च्या आधीचं धरा, कारण त्या दिवशी तिथे दशमान चलन सुरू झालं. त्या सुमाराच्या काही महिन्यांत दोन्ही किमती शेजारी-शेजारी छापलेल्या आढळतात. तसं पान मिळालं तर शोध एक-दोन वर्षांच्या आत येतो.

एक काळजी घ्या. पत्ता एकाच जाहिरातीत पाहून थांबू नका. छोटे दुकानदार जाहिरातीचा जुनाच ब्लॉक (छपाईचा ठसा) पुढे वर्षानुवर्षं छापत असत. किमान तीन जाहिराती पाहा आणि त्यांतली सर्वांत नवी खूण ग्राह्य धरा.

३. कुठलं मासिक ते ठरवा

अमेरिकेत दोन मोठी मासिकं. 'मॉडेल रेलरोडर' जानेवारी 1934 मध्ये मिलवॉकीत अल कॅल्मबॅक यांनी सुरू केलं. 2024 मध्ये ते कॅल्मबॅककडून फायरक्राउन मीडियाकडे गेलं. दुसरं 'रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन'. ते 1933 पासूनचं, मूळ नाव 'द मॉडेल क्राफ्ट्समन'. बरीच वर्षं ते कार्स्टन्स प्रकाशनाकडे होतं, आणि 2014 मध्ये कार्स्टन्स बंद झाल्यावर व्हाइट रिव्हर प्रॉडक्शन्सने ते चालवायला घेतलं. नॅरोगेजसाठी 1975 पासूनचं 'नॅरो गेज अँड शॉर्ट लाइन गॅझेट' पाहावं. ब्रिटनमध्ये 'मॉडेल रेल्वे न्यूज' (1925), 'मॉडेल रेल्वे कन्स्ट्रक्टर' (1934) आणि 1949 पासून आजही निघणारं 'रेल्वे मॉडेलर'.

ही नावं ऐकायला इतकी सारखी आहेत की सांगणारा सर्रास गोंधळतो. काही लेखक दोन्हीकडे लिहीत. ई. एल. मूर यांच्या लाकडी इमारतींचे लेख मॉडेल रेलरोडरमध्येही आहेत आणि क्राफ्ट्समनमध्येही. त्यामुळे एका मासिकात लेख सापडला नाही तर शोध सोडण्याआधी दुसरं नक्की पाहा.

खंड क्रमांकाचा हिशेबही कामी येतो. मॉडेल रेलरोडरमध्ये वर्षातून 1933 वजा केले की खंड क्रमांक मिळतो आणि अंक क्रमांक म्हणजेच महिना. खंड 39, अंक 11 म्हणजे नोव्हेंबर 1972. क्राफ्ट्समनला हा हिशेब लावू नका. त्याचा खंड जानेवारीत सुरू होत नाही.

४. सूची चाळा, पण त्या काळाच्या शब्दांनी

अमेरिकेतली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही छंदकर्त्यांची संघटना 1935 पासून काम करते. तिच्या संकेतस्थळावर मासिकांची शोधता येणारी सूची आहे. सूचीत लेख नसतो, त्याचा पत्ता असतो: शीर्षक, लेखक, महिना, पान. रेल्वे मॉडेलरचा 1949 पासूनचा सगळा संग्रह वर्गणीदारांना डिजिटल स्वरूपात वाचता येतो आणि त्यात शब्दाने शोधता येतं. मॉडेल रेलरोडरचे 1934 ते 2009 चे अंक डीव्हीडीवर निघाले होते. जुन्या छंदकर्त्यांकडे तो संच अजूनही सापडतो, फक्त तो चालवायला बऱ्याचदा जुना संगणक लागतो.

शोध फसतो तो बहुतेक वेळा शब्दांमुळे. एका रुळाला जिथे दोन वाटा फुटतात त्याला अमेरिकन मासिक 'टर्नआउट' म्हणतं, ब्रिटिश मासिक 'पॉइंट'. स्लीपरला अमेरिकेत 'टाय', मालडब्याला तिकडे 'फ्रेट कार' तर ब्रिटनमध्ये 'वॅगन'. ट्रामचे लेख 'ट्रॅक्शन' या शब्दाखाली असतात. एकेका शब्दाने वेगवेगळं शोधा. पूर्ण वाक्य टाकलंत तर उत्तर येणार नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. बार्शी लाइट रेल्वेचं मॉडेल करायचं असेल तर 'बार्शी' शोधून थांबू नका. ती 762 मिलीमीटर गेजची रेल्वे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी उभारली, आणि इंग्लंडमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही 1904 ते 1934 चाललेली त्याच गेजची रेल्वेही त्यांच्याच रचनेची. ती ब्रिटिश मॉडेलकारांची फार लाडकी. तेव्हा 'लीक अँड मॅनिफोल्ड' आणि 'कॅल्थ्रॉप' हे दोन्ही शब्द टाकून पाहा. बार्शीच्या गाड्यांमागची विचारपद्धती समजून घ्यायला ते लेख उपयोगी पडतात.

५. मूळ अंकापर्यंत जा

पुढे कुणीतरी पुन्हा काढलेल्या नकाशावर समाधान मानू नका. जॉन ॲलन यांचं 'टाइमसेव्हर' हे शंटिंगचं (डबे मागेपुढे हलवून जागच्या जागी लावण्याचं) कोडं नोव्हेंबर 1972 च्या मॉडेल रेलरोडरमध्ये आलं. पाच टर्नआउट, मधे इंजिनाला डब्यांना वळसा घालून दुसऱ्या टोकाला जाता येईल असा लूप, काही साइडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ). त्याच्या असंख्य नकला फिरतात. त्या कोड्याची सगळी गंमत प्रत्येक साइडिंगवर नेमके किती डबे मावतात यात आहे. नकलेत एखादी साइडिंग डबाभर लांब झाली की कोडं फारच सोपं होतं, डबाभर आखूड झाली की सुटतच नाही. सिरिल फ्रीझर यांचा 'मिनोरीज' हा छोट्या शहरी टर्मिनसचा आराखडाही असाच. तो एप्रिल 1957 च्या रेल्वे मॉडेलरमधला, आणि नंतरच्या आवृत्त्यांत इतका बदललेला की मूळ पान पाहिल्याशिवाय त्याचं मर्म कळत नाही.

६. मागताना नेमकं मागा

जुने अंक जपून ठेवणारे लोक मनाने उदार असतात, पण चाळीस वर्षांचे अंक चाळून देण्याइतका वेळ कुणाकडेच नसतो. निरोपात मासिकाचं नाव, महिना, वर्ष, पान आणि शीर्षक द्या. ते कुठून कळलं तेही लिहा. पूर्ण अंक नको, एवढीच पानं हवीत, हे स्पष्ट करा. आराखडा हवा असेल तर मोबाइलवर फोटो न काढता सपाट स्कॅनरवर 600 डीपीआयने स्कॅन करायची विनंती करा. मजकुराला 300 पुरतात. पानामागे काळा कागद ठेवला तर पाठची छपाई उमटत नाही.

लंडनच्या 1910 साली स्थापन झालेल्या 'द मॉडेल रेल्वे क्लब'सारख्या जुन्या क्लबांकडे स्वतःची ग्रंथालयं आहेत, तिथेही विचारता येतं. मिळालेली पानं स्वतःच्या अभ्यासासाठी वापरा. ती सगळ्यांसाठी अपलोड करू नका. त्यांवर प्रकाशकांचा हक्क असतो, आणि देणाऱ्यालाही त्याचा त्रास होऊ शकतो.

अंक विकत घ्यायचाच असेल तर परदेशातून येणाऱ्या सुट्या अंकाचं टपाल अंकाहून महाग पडू शकतं. पैसे देण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा: हवी ती पानं आत आहेत का, मधली घडीची पुरवणी आहे का, कूपन कापलंय का? कूपनच्या मागे अनेकदा लेखाचाच भाग असतो. बांधीव खंडात मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकलेल्या असू शकतात, आणि दोन पानांवर पसरलेला आराखडा शिवणीत अडकून मधला भाग हरवतो.

७. पुढचे तीन-चार अंकही पाहा

हे काम फार थोडे लोक करतात. लेखातल्या चुका पुढच्या अंकांतल्या वाचकांच्या पत्रांत दुरुस्त होतात. मॉडेल रेलरोडरमध्ये त्या सदराचं नाव 'रेल्वे पोस्ट ऑफिस', क्राफ्ट्समनमध्ये 'सेफ्टी व्हॉल्व्ह'. तारजोडणीच्या आकृतीत एक तार उलटी छापली गेली असेल तर ते तिथेच कळतं. लेखाच्या शेवटी पुढील भागाची सूचना आहे का तेही पाहा.

८. वापरण्याआधी माप आणि साहित्य तपासा

झेरॉक्स किंवा पीडीएफ छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा. आराखड्यावरची मापपट्टी फूटपट्टीने मोजा, तीन-चार टक्क्यांचा फरक सहज आलेला असतो. मग स्केल बदला. एचओ (1:87) वरून ओओ (1:76) साठी 114.3 टक्के, उलट 87.5 टक्के. एचओवरून अमेरिकन एन (1:160) साठी 54.4 टक्के. ब्रिटिश एन 1:148 आहे, तिला हाच आकडा लावलात तर सगळं लहान येईल.

साहित्याबाबत जुन्या लेखावर डोळे झाकून विसंबू नका. 1950 च्या दशकातल्या डोंगर-दऱ्यांच्या मिश्रणांत ॲस्बेस्टॉसची भुकटी सांगितलेली असते आणि रूळ पुसायला कार्बन टेट्राक्लोराइड. दोन्ही घातक आहेत. पहिल्याऐवजी कागदाचा लगदा आणि प्लास्टर, दुसऱ्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. 'फ्लोक्विल' रंगांची नावं पानोपानी येतात, पण ते रंग 2013 मध्ये बंद झाले. तेव्हा रंगाच्या नावामागे न लागता त्या रेल्वेच्या खऱ्या डब्याचा रंगीत फोटो मिळवा आणि त्यावरून छटा जुळवा.