‘गणित आपलं काम नव्हे’ म्हणत घालवलेली चार वर्षं

आयटीआय किंवा डिप्लोमा करून कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या पंचतारांकित वसाहतीत पहिल्यांदा कामाला लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. पगार किती मागावा, कुठल्या वर्कशॉपमध्ये शिकायला मिळतं, हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला त्याच्या आधीचं सांगायचं आहे. आपण स्वतःबद्दल एक समजूत मनात धरून कामावर येतो आणि पुढचं बरंचसं तीच ठरवते.

मी भुदरगड तालुक्यातली. सातवीत फळ्यावर एक उदाहरण अडलं तेव्हा सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “हिचं डोकं गणितात चालायचं नाही. पाठ करून पास होईल.” वर्ग हसला. सर ते संध्याकाळपर्यंत विसरले असतील, माझ्या मनात मात्र ते घट्ट बसलं. दहावीला गणितात 71 पडले. आई साखर वाटत होती आणि मी म्हणत होते, “पेपर सोपा होता गं.”

मशिनिस्ट ट्रेड केला, शिरोलीत व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, ऑपरेटर म्हणून लागले. जॉब लावायचा, क्लॅम्प करायचा, सायकल स्टार्ट करायची, कडेची बर (धातूची धारदार कूस) काढायची, व्हर्नियरने मापं घ्यायची. हात स्वच्छ होता, रिजेक्शन कमी होतं. मशीन जुळवून प्रोग्रॅम लावणाऱ्या आमच्या सेटर मामांनी दोनदा विचारलं, “प्रोग्रॅम शिकतीस का?” दोन्ही वेळा मी म्हटलं, “नको मामा, उगीच जॉब वाया जायचा.” माझ्यामागून आलेली दोन पोरं सेटर झाली. मला वाईटही वाटलं नाही. त्यांचं डोकं चालतं, आपलं नाही, एवढं साधं ते वाटायचं.

ही समजूत ‘मी कमी आहे’ असं म्हणत कधीच समोर आली नाही. ती यायची शहाणपणाचं रूप घेऊन. कंपनीचं नुकसान नको, मोठ्यांच्या मध्ये बोलायला नको, आहे ते बरं आहे. म्हणून आपल्या समजुती शोधायच्या तर मनात डोकावून फारसं हाती लागत नाही. आपण काय काय टाळतो ते बघा. कुठल्या कामाला तोंडातून चटकन ‘नको’ निघतं, तिथे हमखास काहीतरी बसलेलं असतं.

ॲरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1960च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करताना हेच मांडलं. पटकन येणाऱ्या विचारांच्या मुळाशी लहानपणी रुजलेल्या खोल समजुती असतात. समजुतीला धरून असलेली गोष्ट मन लगेच आत घेतं. विरोधात जाणारी एकतर नाकारतं, नाहीतर तिचा अर्थ फिरवतं. हे वाचलं तेव्हा मला माझे 71 मार्क आठवले. पुरावा समोर होता आणि मीच त्याला ‘सोपा पेपर’ म्हणून परत पाठवला होता.

गाठ सुटायला सुरुवात झाली ती एका फ्लँजवर, म्हणजे बोल्टसाठी गोलाकार भोकं असलेल्या चकतीवर. मामा गावाकडे गेले होते, तयार प्रोग्रॅमची फाइल सापडत नव्हती. ड्रॉइंगवर 100 पीसीडी (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास), सहा भोकं, 10 व्यासाची, सगळं मिलिमीटरमध्ये. मी फोन केला. मामा म्हणाले, “सहाच भोकं हायत नव्हं? मग भ्यालीस कशाला? शाळेत कंपासनं फूल काढलं न्हाईस व्हय? आन् आधी स्क्रॅपवर मार.”

फूल काढलं होतं की! वर्तुळ काढायचं, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर टोचत जायचं, बरोबर सहा खुणांत फेरी पूर्ण होते आणि सहा पाकळ्या येतात. म्हणजे शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर त्रिज्येइतकंच, 50. ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला काढून बघितलं. मध्य शून्य धरला की पहिलं भोक एक्स 50, वाय 0. मध्य, पहिलं आणि दुसरं भोक यांचा त्रिकोण सगळ्या बाजूंनी 50चा, त्यामुळे दुसऱ्याचा एक्स त्याच्या निम्मा, 25. वाय काढायला 2500 मधून 625 वजा, 1875, त्याचं वर्गमूळ 43.301. बाकीची भोकं याच आकड्यांची, फक्त चिन्हं बदलून. एक स्क्रॅप कास्टिंग लावलं, टूल वर ठेवून कोरडी फेरी मारली, मग ड्रिल केलं. शेजारच्या दोन भोकांच्या आतल्या कडांमध्ये व्हर्नियर धरला, 40.02. भोकाचा व्यास मिळवला की 50.02.

हात थरथरत होते. आणि तरीही मनात पहिलं वाक्य आलं ते हेच, “सहा भोकं होती म्हणून जमलं. सात असती तर?”

त्या दिवशी मी ते वाक्य पकडलं. घरी येऊन वहीत सात भोकांचंही काढलं, कॅल्क्युलेटरवर साइन-कोसाइन घेऊन. तेही आलं.

तेव्हापासून एक वही ठेवते आणि तुम्हालाही ठेवायला सांगेन. डाव्या बाजूला कामाच्या आधी लिहायचं, काय होईल असं वाटतंय. उजव्या बाजूला काम झाल्यावर, प्रत्यक्षात काय झालं, आकड्यांत. आधी लिहिणं महत्त्वाचं. मागाहून मन ‘मला माहीतच होतं’ म्हणतं आणि हिशेब फिरवतं. ‘सेटर हसेल’ असं मी एकवीस वेळा लिहिलंय. दोनदा हसले, त्यातल्या एकदा चहा पाजून.

आरशासमोर उभं राहून ‘मी काहीही करू शकते’ म्हणण्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. आतलं मन लगेच भांडायला उठायचं. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली ‘हे मला जमेल’ हा भरवसा कुठून येतो ते मांडलं, त्यात सगळ्यात बळकट वाट सांगितली ती स्वतः काम तडीला नेल्याच्या अनुभवाची. दुसऱ्याचं प्रोत्साहन त्यापुढे दुबळं. कोल्हापूरकराला हे तालमीवरून कळेल. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी मल्लाच्या अंगावर सोडत नाही. हौद्याची माती उकरायला लावतो, जोर-बैठका काढून घेतो, मग तोडीस तोड जोड बघून लढवतो. आपल्या कामातही तशीच जोड शोधायची. पहिलाच प्रोग्रॅम चार अक्षांचा घेतलात तर पडाल आणि जुनी समजूत आणखी घट्ट होईल.

दुसरी वाट म्हणजे आपल्यासारखं कुणी ते करताना दिसणं. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून इथे वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी केली. त्यांतून जेवणाराहण्याची सोय झालीच, पण मला वाटतं, शेजारच्या कॉटवरचा आपल्यासारखाच शेतकऱ्याचा पोरगा परीक्षा पास होताना बघणं, हेही फार मोठं देणं होतं. मला प्रोग्रॅम करणारी एक जरी मुलगी पहिल्या वर्षी दिसली असती, तर चार वर्षं गेली नसती.

सगळं आपल्या मनातच असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. एका कारखान्यात मला तोंडावर सांगितलं, “मुलींना सेटिंगवर घेत नाही.” ती माझी समजूत नव्हती, त्यांची होती. मी दुसरीकडे गेले. तसंच, कंट्रोलरवरचे इंग्रजी अलार्म मला खरोखरच कळत नव्हते. ते न शिकलेलं होतं. रोज पाच शब्द लिहून दोन महिन्यांत भागलं. ‘जमत नाही’ आणि ‘शिकले नाही’ हे वेगळं करायला वेळ लागतो, पण पहिल्या महिन्यातच करा.

आणि ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ हे झोपेत, जेवणात, सगळीकडे शिरलं असेल, तर वहीवर भागवू नका. सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. मी एकदा केलाय फोन.

पहिल्या आठवड्यात सेटरकडे एक स्क्रॅप जॉब मागा आणि शिफ्ट संपल्यावर अर्धा तास मशीन मिळेल का विचारा. आणि विचारण्याआधी, ते काय म्हणतील असं वाटतंय, ते डाव्या बाजूला लिहून ठेवा.