गावात समुदाय विकासाचं काम करताना या चुका टाळा

समुदाय विकास अधिकारी म्हणून नव्याने रुजू झालेली मुलंमुली महिन्याभरात एकच तक्रार घेऊन येतात : 'मॅडम, बैठकीला बायका येतच नाहीत.' मी आधी विचारते, बैठक किती वाजता ठेवली होती? सकाळी अकरा वाजता, कारण ऑफिसची गाडी तेव्हा मिळते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत अकरा वाजता बाई घरी कशी सापडेल? मजुरी बुडवून तिने का यावं? रात्रीची जेवणं आटोपल्यावर बसा. शेवटची एसटी चुकेल, मुक्काम करावा लागेल. करा. कुणी सावकाराकडून उचल घेतली, कुणाच्या लेकीची शाळा सुटली, हे त्या वेळी ओट्यावर बसल्यावरच कळतं.

सरपंचांना भेटायचंच, तो त्यांचा मान आहे. पण त्यांच्या ओसरीवर चहा घेऊन गाव समजलं असं धरू नका. शिवारफेरी गावाच्या टोकाच्या वस्तीपासून सुरू करा, तिथल्या हापशाजवळ थांबा.

सर्वांत महागात पडते ती दप्तराची चूक. बचत गटाने पंचसूत्री पाळायची असते : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अचूक नोंदी. पहिल्या चारांवर आपण तासभर बोलतो आणि पाचवं स्वतःच उरकून टाकतो. मी नवी असताना एका गटाचं इतिवृत्त आणि खातेवही वर्षभर स्वतः लिहिली. तपासणीत शाबासकी मिळाली. माझी बदली झाली आणि सहा महिन्यांत गट फुटला, कारण कुणाचं किती कर्ज फिटलं हे गटातल्या एकीलाही सांगता येईना. त्याचं आजही वाईट वाटतं.

गट भांडून बसला असेल तर समजूत नंतर, हिशेब आधी. सगळ्यांची वैयक्तिक पासबुकं सतरंजीवर मांडा, शेजारी खातेवही आणि बँकेचं पासबुक. एकेकीचं नाव घेऊन तिची बचत आणि हप्ते मोठ्याने वाचा. तफावत दिसली की पेन्सिलने खूण करा, वाद तिथे नको. बहुतेक वेळा कुणी पैसे खाल्लेले नसतात, एखादा हप्ता मांडायचा राहिलेला असतो. लिहिणारी कुणी नसेल तर एखादीची शिकलेली सून किंवा लेक बसवा, मात्र वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा घेऊ नका.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होत नाही म्हणून घरोघर वही फिरवून सह्या गोळा करणं तर अजिबात नको. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी संख्या पुरते. तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट नसते. मग खोट्या सह्या कशासाठी? त्याऐवजी ग्रामसभेआधीची महिला सभा मनापासून भरवा. पाण्याचा विषय तिथे इतिवृत्तात आला की पुढच्या सभेत तो दाबणं अवघड जातं.

आणि 'बघतो, करून देऊ' असं बोलू नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या, ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांसाठी राखून ठेवलेली होती. त्या पैशातून सभामंडप होत नव्हता. मागण्या विचारण्याआधी बंधित किती, अबंधित किती, हे शाळेच्या फळ्यावर खडूने लिहा. आकडे समोर असले की सभामंडप मागायला आलेली माणसंच आधी गटाराचं नाव घेतात, हे मी अनेकदा पाहिलंय.