पीक पोसण्याआधी ट्रेल कॅमेरा : कमी खर्चात कोणता घ्यावा, कुठे बांधावा

कणसात दाणे भरू लागले, शेंगा पोसू लागल्या की रानडुकरे, हरणे, साळिंदरे रात्री शेतात उतरतात. नुकसान सकाळी दिसते. पण कोण आले, किती वाजता आले आणि कोणत्या बाजूने शिरले हे कळत नाही. ते कळल्याशिवाय कुंपण कुठे बळकट करायचे आणि राखण कोणत्या वेळी करायची हे ठरत नाही. त्यासाठी ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधायचा, सेलवर चालणारा आणि समोरून जनावर गेले की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, पीक पक्व होण्याच्या तीन-चार आठवडे आधीच बांधावा. जनावरांची वाट एकदा रुळली की त्यांना परतवणे अवघड जाते.

आधी गरज तपासा. घराच्या अंगणात, गोठ्यापाशी वीज आणि वाय-फाय दोन्ही असेल तर साधा सुरक्षा कॅमेरा जास्त उपयोगी पडतो, कारण तो सतत चालू राहतो आणि लगेच मोबाइलवर दाखवतो. ट्रेल कॅमेरा खरा कामाचा जिथे वीज नाही, इंटरनेट नाही आणि रोज फेरी होत नाही अशा रानात. ‘वाय-फाय’ असे लिहिलेला ट्रेल कॅमेरा घेताना अनेकांचा गैरसमज होतो. ते वाय-फाय फक्त कॅमेऱ्यापासून दहा-पंधरा मीटरवर उभे राहून फोटो मोबाइलवर उतरवण्यापुरते असते. घरबसल्या फोटो हवे असतील तर सिमकार्डचाच कॅमेरा लागतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्यावर पैसे घालवू नका. स्वस्त कॅमेऱ्यात चित्र टिपणारा प्रत्यक्ष सेन्सर बहुधा त्याच्या कितीतरी कमी क्षमतेचा असतो आणि उरलेले ठिपके सॉफ्टवेअर भरून काढते. त्याने तपशील वाढत नाही, फक्त फाइल जड होते, फोटो साठवणारे मेमरी कार्ड लवकर भरते आणि पुढच्या फोटोला उशीर लागतो. असा कॅमेरा हाती असेल तर सेटिंगमध्ये जाऊन मेगापिक्सेल कमी करून ठेवा.

पैसे मोजायचे ते वेगासाठी. जनावर टिपल्यापासून फोटो निघेपर्यंत लागणारा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत हवा. ५ मीटर अंतरावर ५० अंशांच्या भिंगाला जेमतेम साडेचार मीटर रुंदीची पट्टी दिसते. पळते रानडुक्कर एका सेकंदात तेवढे अंतर सहज पार करते, म्हणून संथ कॅमेऱ्याच्या कार्डावर रिकामे गवत किंवा नुसती शेपटी सापडते. एका फोटोनंतर दुसऱ्यासाठी कॅमेरा किती वेळात तयार होतो, हेही विचारा. कळपात पुढे मादी आणि मागे पिल्ले असतात. पहिल्या फोटोवर कॅमेरा अडकला तर संख्या कळत नाही.

रात्री फोटोसाठी कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात; प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार (ती नॅनोमीटरमध्ये मोजतात) त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर उजेड टाकतात आणि चित्र स्वच्छ येते, पण चमकताना समोरून मंद लाल ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. मात्र त्यांचा पल्ला कमी आणि चित्र दाणेदार. फक्त जनावरांसाठी ८५० पुरेसा आहे. मोटार, केबल, अवजारे यांच्या चोरीची भीती असेल तिथे ९४० घ्यावा, नाहीतर लाल ठिपके पाहून चोर कॅमेराही काढून नेतो. दोन्हींत रात्रीचे फोटो कृष्णधवलच येतात. जनावराची चाहूल घेणाऱ्या सेन्सरचा पल्ला २० मीटर आणि दिव्यांचा १२ मीटर अशी जोडी असेल, तर रात्री काळेकुट्ट फोटो बरेच जमा होतील, हे लक्षात ठेवा.

सेलच्या बाबतीत काटकसर अंगाशी येते. बहुतेक कॅमेऱ्यांत ४ किंवा ८ पेन्सिल सेल बसतात. साधे अल्कलाइन सेल वापरात येतील तसा त्यांचा विजेचा दाब (व्होल्टेज) घसरतो आणि थंडीत आणखी कमी होतो. दिवसाचे फोटो छान आणि रात्रीचे अंधुक येऊ लागले, तर कॅमेऱ्यात दोष शोधण्याआधी सेल बदला. दीड व्होल्टचे लिथियम सेल महाग असतात, पण थंडीत टिकतात, दिव्यांना शेवटपर्यंत ताकद देतात आणि सहसा गळत नाहीत. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे असतात. एका ओळीत आठ बसवले तर बारा व्होल्टऐवजी ९.६ व्होल्टच मिळतात आणि काही कॅमेरे ते पाहून लगेच ‘बॅटरी संपली’ दाखवतात. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडता येत असेल तरच ते घ्यावेत. जुने-नवे किंवा दोन प्रकारचे सेल एकत्र घालू नयेत. बाहेरून बॅटरी जोडायची असेल तर ६ व्होल्ट की १२, आणि पिनचा धन-ऋण कोणता, हे माहितीपत्रकात पाहूनच जोडा; चुकल्यास सर्किट जळते. सौरपट्टी झाडाच्या दाट सावलीत बांधून काही मिळत नाही.

कार्ड पूर्ण आकाराचे, क्लास १० (लिहिण्याच्या वेगाचा दर्जा) चे आणि कॅमेऱ्याला चालणाऱ्या क्षमतेचेच घ्यावे. पुष्कळ स्वस्त कॅमेरे ३२ जीबीच्या पुढचे कार्ड ओळखत नाहीत. छोटे कार्ड अडॅप्टरमध्ये घालून वापरले की संपर्क सुटतो. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, दोन कार्डे आलटून पालटून वापरावीत आणि काढताना कॅमेरा आधी बंद करावा.

सिमचा कॅमेरा घेण्याआधी त्याच कंपनीचे सिम असलेला मोबाइल नेमक्या जागी, नेमक्या उंचीवर धरून रेंज पाहा. रेंज कमजोर असेल तर कॅमेरा वारंवार प्रयत्न करत सेल संपवतो. २जी-३जी सेवा अनेक ठिकाणी बंद झाल्या आहेत, तेव्हा कॅमेरा ४जीचाच असावा. वर्षभराच्या डेटाचा खर्च किमतीत धरून हिशेब करा. आठवड्यातून एकदा रानात फेरी होत असेल, तर सिमच्या एका कॅमेऱ्यापेक्षा कार्डवाले दोन कॅमेरे बांधणे आमच्या मते अधिक शहाणपणाचे.

आता बांधणी. निम्मे अपयश इथेच येते. चाहूल घेणारा सेन्सर चित्र पाहत नाही, तो उष्णतेतला हलता फरक ओळखतो. जनावर समोरून सरळ चालत आले तर तो उशिरा जागा होतो, आडवे गेले तर लगेच. म्हणून वाटेला काटकोनात न बांधता सुमारे ४५ अंशांत तिरका बांधावा : जनावर आडवेही जाते आणि चौकटीत जास्त वेळही राहते. रानडुकरे व हरणांसाठी जमिनीपासून ६० ते ९० सेंटिमीटर उंची आणि वाटेपासून ४ ते ६ मीटर अंतर ठेवा. माणसांवर लक्ष ठेवायचे असेल तर २ ते अडीच मीटर उंचीवर, खाली झुकवून. उगवतीकडे किंवा मावळतीकडे तोंड नको. बारीक, वाऱ्याने डोलणाऱ्या झाडाला बांधू नका. समोरचे गवत आणि फांद्या छाटा. उन्हाने तापलेली पाने हलली की सेन्सर फसतो आणि कार्डभर गवताचेच फोटो मिळतात. पावसानंतर गवत झपाट्याने वाढते, तेव्हा दर फेरीला विळा सोबत असू द्या.

भर उन्हाळ्यात जमीन जनावराच्या अंगाइतकी तापते, फरक उरत नाही आणि दुपारी पल्ला घटतो; तेव्हा सेटिंगमध्ये सेन्सरची संवेदनशीलता वाढवावी. थंडीत ती कमी केली तरी चालते. काचेच्या खिडकीआडून ट्रेल कॅमेरा चालत नाही, कारण शरीराची उष्णता साध्या काचेतून सेन्सरपर्यंत पोहोचत नाही आणि रात्री दिव्यांचा उजेड काचेवरून परत येतो.

पाऊस झेलण्यासाठी आयपी ६६ हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा पुरेसा आहे, पण दाराचे रबर नीट बसलेले हवे. त्यात मातीचा एक कण अडकला तरी पाणी शिरते. आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवा. भिंगापुढे कोळ्याचे जाळे झाले की रात्री चित्र पांढरे पडते, म्हणून फेरीत मऊ कापडाने पुसून घ्या.

विकत घेतल्यावर बदलून मिळण्याच्या मुदतीतच घरी तपासा. तारीख-वेळ लावा, तीन फोटोंचा संच आणि दोन संचांत दहा सेकंदांचे अंतर ठेवा. ५ आणि १० मीटरवरून आडवे चालून पाहा, दिवसा एकदा, अंधारात एकदा. दिवसाचे फोटो गुलाबी आले तर आतला इन्फ्रारेड गाळण्याचा पडदा अडकला आहे. तो कॅमेरा परत करा. रानात बांधताना लोखंडी दोरी-कुलूप आणि पासवर्ड दोन्ही लावा. शेजाऱ्याचे दार किंवा लोकांची येण्या-जाण्याची वाट चौकटीत येणार नाही, याची खात्री करा.

काढणी झाल्यावर कॅमेरा उतरवून सेल काढा, रबर ओल्या कापडाने पुसून वाळवा आणि दार अर्धवट उघडे ठेवून दोन दिवस सावलीत सुकवूनच डब्यात भरा.