रात्री कोकणात निघण्यापूर्वी: हेडलाइटची तयारी

गणपतीसाठी मुंबईहून रात्री निघून पहाटे गावी पोहोचायचे असेल, तर दिव्यांची तयारी आदल्या दिवशी उजेडातच सुरू करावी. तिचा एक भाग मात्र सामान भरून सगळी मंडळी गाडीत बसल्यावरच करता येतो, आणि नेमका तोच गडबडीत राहून जातो. तो भाग म्हणजे हेडलाइटची उंची कमी-जास्त करणारी चकती. गेल्या वर्षी ती फिरवायची राहिली आणि पेणपासून माणगावपर्यंत समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक चालक डिपर मारत होता, म्हणजे दिवे उघडझाप करून खुणावत होता. त्यामुळे या यादीत तिचा उल्लेख वारंवार येईल, आणि तो वाचणाऱ्याने सहन करावा.

बल्ब लागतात की नाही, मागचे लाल दिवे, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर चालू आहेत की नाही, हे घरातल्या कोणालातरी मागे उभे करून पाहावे. जादा फ्यूज जवळ ठेवावा. हॅलोजन बल्ब बदलायचा असेल तर काचेला उघडे बोट लावू नये, कारण बोटाच्या तेलकटपणामुळे काच तेवढ्याच जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. हेडलाइटची काच ओल्या फडक्याने पुसावी. कोरड्या फडक्याने धूळ घासली जाऊन प्लास्टिकवर ओरखडे पडतात. चालकासमोरची मोठी काच आतूनही पुसावी, कारण आतल्या बाजूला साचलेला पातळ तेलकट थर दिवसा जाणवत नाही, पण समोरचा दिवा त्यावर पसरला की रस्ता दिसेनासा होतो.

गाडीत मूळचा ६०/५५ वॅटचा एच-४ बल्ब असेल तर त्याच्या जागी १००/९० वॅटचा किंवा बाजारात मिळणारा पांढराशुभ्र एलईडी बसवण्याचा मोह टाळावा. दिव्यामागचा आरसा बल्बच्या तारेची नेमकी जागा गृहीत धरून घडवलेला असतो; प्रकाशाचा उगम तिथून किंचित सरकला तरी झोत विस्कटतो. आपल्याला बोनेटसमोर लखलखाट दिसतो म्हणून समाधान वाटते आणि समोरच्या दुचाकीस्वाराला मात्र काहीच दिसत नाही.

यानंतर भिंतीची चाचणी करावी. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी, आत फक्त चालक असावा आणि चकती शून्यावर असावी. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूची रेघ ओढावी. लो बीम (खाली वळलेला, जवळचा झोत) लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. डावीकडे ही कड वर चढलेली दिसेल. ते बरोबर आहे, कारण आपण डावीकडून चालतो आणि रस्त्याची डावी कड दूरपर्यंत दिसावी म्हणून तशी रचना केलेली असते. ती उजवीकडे वर चढत असेल तर तो दिवा उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला आहे. तो बदलूनच घ्यावा.

आता चकती. ही बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या उजवीकडे, डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला असते आणि तिच्यावर ० ते ३ असे आकडे असतात; आकडा वाढवला की झोत खाली येतो. मागच्या सीटवर तिघे बसले आणि डिकीत बॅगा, मखराचे सामान, भांडी गेली की गाडी मागून बसते आणि नाक वर करते. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २.५ मीटर अंतर धरले आणि मागची बाजू ५ सेंटिमीटर खाली गेली, तर ५० मीटरवर झोत तब्बल १ मीटर वर उचलला जातो. म्हणजे आपण प्रामाणिकपणे लो बीमवर असतो आणि तो लो बीम समोरच्या छोट्या गाडीतल्या चालकाच्या थेट डोळ्यांत जातो. आपल्याला आतून काहीही कळत नाही. उलट उजेड लांबवर जातो म्हणून दिवे छान वाटतात. त्यामुळे सगळे बसल्यावर, गाडी सुरू केल्यावर, फाटकातून बाहेर पडण्यापूर्वी चकती फिरवावी. सर्वसाधारणपणे पाच माणसांना १, पाच माणसे आणि भरलेल्या डिकीला २, आणि एकटा चालक व भरलेल्या डिकीला ३ असा हिशेब असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. काही गाड्यांत हे काम आपोआप होते. आपली गाडी त्यांतली आहे असे गृहीत धरू नये, पाहून घ्यावे.

दिवेलागणीला पूर्ण हेडलाइट लावावेत. दिवसा आपोआप लागणाऱ्या पुढच्या दिव्यांवर विसंबू नये, कारण अनेक गाड्यांत त्यांच्याबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत आणि डॅशबोर्ड उजळलेला असल्यामुळे चालकाला ते लक्षातही येत नाही.

हाय बीम (दूरचा झोत, म्हणजेच अप्पर) फक्त मोकळ्या, अंधाऱ्या रस्त्यावर वापरावा. वळणापलीकडे समोरच्या गाडीच्या उजेडाची झाक दिसली की लगेच लो बीमवर यावे. त्याचे दिवे प्रत्यक्ष दिसेपर्यंत थांबू नये. पुढे कोणी जात असेल तरीही लो बीमच, कारण आपला झोत त्याच्या आरशांतून त्याच्याच डोळ्यांवर येतो. समोरच्याने अप्पर सोडलाच नाही तर त्याला अप्परने उत्तर देऊ नये. तशाने अरुंद रस्त्यावर दोन्ही चालक एकाच वेळी आंधळे होतात. वेग कमी करावा आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर ठेवावी. एकच दिवा येताना दिसला तर ती मोटारसायकल आहे असे समजू नये; एक दिवा गेलेला ट्रकही असू शकतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते, त्यामुळे लो बीमवर हा वेग ठेवणे म्हणजे दिसण्यापलीकडे गाडी पळवणे आहे.

वाटेत माणगावला किंवा महाडला कोणी उतरले, सामान उतरवले, तर चकती पुन्हा पाहावी. रिकाम्या गाडीत ती ३ वर राहिली तर उजेड बोनेटसमोरच पडतो आणि रस्त्यात बसलेली गुरे फार उशिरा दिसतात. ही चूकही तितकीच धोक्याची आहे.

परशुराम घाटात आंधळ्या वळणाआधी एकदा डिपर द्यावा. धुके आले तर लो बीम आणि असल्यास फॉगलॅम्प. हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. धावत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नयेत, वळण्याची खूण कोणालाच कळत नाही. कशेडीच्या बोगद्यात दिवसाही हेडलाइट लावावेत.

थांब्यावर चिखल उडालेले दिवे पुसावेत. गावी पोहोचल्यावर चकती शून्यावर आणावी, आणि परतताना डिकीत नारळ व तांदूळ भरले की निघण्याआधी पुन्हा फिरवावी.